खालच्या मुठीचा दौलत

दौलत मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने मला डोळा मारला असं मला वाटलं, आणि मीही त्याला उलट डोळा मारला. नव्या गावात कुणी आपणहून दोस्ती करतंय तर आपण कशाला मागे राहायचं, असा माझा विचार. संध्याकाळी घरमालकाने सांगितलं की मिस्त्रीचा डावा डोळा सहा वर्षांपूर्वीच गेलाय आणि पापणी तेव्हापासून मिटलेलीच आहे. त्या रात्री मला शरमेने जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो तर तो म्हणाला, "कायची माफी, मास्तर? मले वाटलं तुमचाबी गेला हाय."

हे तो खरंच म्हणाला की माझी फिरकी घेत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या बाबतीत माझं नेहमी असंच झालं. एखादी गोष्ट कळली असं वाटेपर्यंत तो पुढच्या गोष्टीला लागलेला असे.

मी तेव्हा मानोऱ्याच्या शाळेत मास्तर होतो. रुजू झालो तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रदेशात होता आणि मी तिथून निघालो तेव्हा तो मुंबई राज्यात गेलेला होता. मधल्या काळात आपण नेमके कुठे आहोत, याबद्दल आमच्या हेडमास्तरांचाही गोंधळ उडालेला असे. गावाबाहेर मंगरूळच्या वाटेवर एका शेठची लाकडाची टाल होती. जंगलातून सागाचे ओंडके तांड्यांवरच्या बैलगाड्यांतून तिथे यायचे, तिथे त्यांच्या फळ्या पडायच्या. एके दिवशी शेठने मला बोलावणं धाडलं. का, तर गावात इंग्रजी वाचणारा मीच होतो.

टालीवर एका पोत्यावर ते यंत्र आडवं पडलं होतं. एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, पुढे पुरुषभर लांब लोखंडी पातं, त्याभोवती दातांची साखळी आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक मूठ. दोघांनी दोन टोकं धरायची आणि कापायचं. लोक त्याला भुंगा म्हणत.

"लढाईचा माल हाय, लिलावात घेतला," शेठ म्हणाले. "चालते, पन लवकर दमते. याच्यासंगं हे पुस्तक आलं. मिस्त्रीले वाचून सांगा."

मी मुलांना इंग्रजी कविता शिकवणारा माणूस. त्या चोपडीतल्या एका पानात मला तीनदा घाम फुटला. पिस्टनला मराठीत दट्ट्या म्हणतात, हे मी रात्र जागून शब्दकोशातून शोधून काढलं आणि सकाळी मोठ्या ऐटीत दौलतला सांगितलं. तो म्हणाला, "दट्ट्या कायचा? पिस्टन म्हना ना मास्तर, समजते मले." थोडक्यात सांगायचं तर इंग्रजी मला येत होतं आणि इंजिन त्याला येत होतं. पुस्तक आम्हा दोघांनाही येत नव्हतं.

दौलत जातीचा सुतार. डोळा गेल्यावर तो वाशीमला कापसाच्या एका जिनिंगच्या इंजिनघरात राहिला, तिथे चार वर्षांत इंजिन शिकला आणि मिस्त्री होऊन गावी परतला. उंच, वाळकुडा, बोलताना मान डावीकडे वळवून चांगला डोळा समोर आणायचा. इंजिनला हात लावण्याआधी चुलीतल्या राखेने हात धुवायचा, काम झाल्यावर मात्र तसाच भाकरी खायला बसायचा. हे उलटं का, असं मी विचारलं तर म्हणाला, "माह्या पोटाले राख, तेल, सारं चालते. इले नाई चालत." काम संपलं असं त्याने कधीच म्हटलं नाही. "झालं का मिस्त्री?" या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर होतं: "पाहू."

इंजिनचे सुटे भाग तो घरच्या परातीत मांडायचा, जसे निघाले त्या क्रमाने, कडेकडेने गोल. परातीला कुणी बोट लावायचं नाही. त्याची बायको सरस्वतीबाई दारात येऊन उभी राहायची. "अवो, परात देता का, का आज इंजनच खाता?" तो मान वळवून तिच्याकडे पाहायचा आणि परत कामाला लागायचा. मग ती शेजारणीची परात आणायची. असं आठवडाभर चाललं की शेजारीण आपली परात लपवून ठेवायची.

आता दौलतच्या डोळ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

टालीच्या मागच्या अंगाला आऱ्याचा, म्हणजे दोघांनी ओढायच्या लांब करवतीचा, खड्डा होता. फळ्या पाडायची रीत अशी की खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवायचा, एकाने ओंडक्यावर उभं राहायचं आणि एकाने खड्ड्यात. वरचा माणूस लाकडावर सूत मारून रेघ पाडतो, आरा त्या रेघेवर ठेवतो आणि दातांना धारही तोच लावतो. खालच्याने नुसतं ओढायचं. सगळा भुसा खालच्याच्या तोंडावर पडतो. वर थोरला आणि खाली धाकटा, ही ठरलेली रीत. कानस वरच्याच्या कमरेला असते, खालचा तिला हात लावत नाही. लावू नये असं कुणी सांगत नाही, पण लावत नाही एवढं खरं.

दौलतने बारा वर्षं खालची मूठ धरली. वर त्याचा थोरला भाऊ भिवा. एकदा डोळ्यात सागाचं कुसळ गेलं, डोळा सुजला, झाडपाल्याचे उपाय झाले आणि महिनाभरात डोळा गेला. पट्टी बांधून दौलत पुन्हा खड्ड्याशी आला तेव्हा चार माणसांदेखत भिवा म्हणाला, "खालच्याले डोये कायले लागतात? ओढ." दौलतने मूठ खाली ठेवली आणि तो वाशीमला निघून गेला. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. एकाच टालीवर एक पुढच्या अंगाला आणि एक मागच्या अंगाला काम करत होते.

हे मला सरस्वतीबाईने सांगितलं. भिवाला मी पुढे एकदा विचारलं तर तो म्हणाला, "मी त्याले धीर देऊन राह्यलो होतो, मास्तर. म्हनलं घाबरू नोको, तुह्यं काम जात नाई." ते ऐकून मला भिवाचा राग यावा की कीव, हे कळेना. मला वाटतं तो खरंच बोलत होता, आणि त्यामुळेच ते जास्त वाईट होतं.

आता खड्ड्यात भिवाचा एकुलता मुलगा गणपत उभा राहत होता. लग्न झालेला, हसरा, अंगाने दणकट. संध्याकाळी टालीवरच्या पिंपाशी तो डोळे धुवायला यायचा. दोन्ही डोळे जास्वंदीसारखे लाल. दौलत लांबून त्याच्याकडे बघत राहायचा. एक दिवस मला म्हणाला, "मास्तर, एकाच घरचे किती डोये त्या खड्ड्यात जाव? मले तो बुजवाचा हाय."

तोवर मला वाटत होतं की दौलत फक्त शेठचं काम करतोय. शेठला तर यंत्र आडव्या कापापुरतंच हवं होतं, ओंडके तोडायला. तेवढं ते पहिल्या पंधरा दिवसांतच करायला लागलं होतं. दौलतला मात्र त्याच यंत्राने ओंडका उभा चिरायचा होता, म्हणजे फळ्या पाडायच्या होत्या. लांबीने घातलं की मात्र यंत्र कण्हायचं, धूर ओकायचं आणि बंद पडायचं. शेठ वैतागून म्हणाले, "तुले कोनी सांगतलं उभं कापाले?" दौलत म्हणाला, "पाहू." शेवटी शेठने होळीपर्यंतची मुदत दिली. होळीनंतर भुंगा जंगलात झाडं पाडायला जाणार आणि फळ्या पूर्वीसारख्या खड्ड्यावरच पडणार.

आणि तिकडे भिवा सगळ्या टालीला सांगत सुटला होता की धाकटा माझ्यावर सूड उगवतोय, माझी भाकरी त्या भुंग्याला खाऊ घालतोय.

दौलतने पहिल्यांदा हात घातला तो धुराच्या डब्याला. इंजिनचा धूर ज्या डब्यातून बाहेर पडतो तो काजळीने भरला होता आणि त्याची भोकं बारीक होती. "ज्या घराले धुराडं नाई त्या घरची चूल पेटत नाई," असं म्हणून त्याने डबा साफ काढूनच टाकला आणि दोरी ओढली. तो आवाज मी शाळेत ऐकला. शाळा तिथून अर्धा मैल होती. टालीत नुकत्याच आलेल्या तीन गाड्यांचे बैल ओंडक्यांसकट उधळले आणि थेट बाजारात शिरले. एका बाईची वांगी तुडवली गेली. हेडमास्तर खडू हातात घेऊन बाहेर आले आणि मलाच विचारू लागले की हे तुमच्या पुस्तकात लिहिलं होतं का. दुसऱ्या दिवशी डबा परत बसला, पण भोकं बोटाएवढी रुंद करून. बैल तरी तिकडून जाताना कान टवकारायचेच.

पण डबा मोकळा झाल्यावर इंजिन तापायला लागलं. दौलत त्याचा प्लग काढून उन्हात धरायचा आणि वैद्याने जीभ पाहावी तसा पाहायचा. "पांढरी झाली. ताप हाय. मास्तर, पुस्तकात लिहिलं का, इले तहान किती लागते?" मी पानं उलटली. तहानेबद्दल कुठेच काही नव्हतं. त्याने कार्बोरेटरची सुई अर्धा आटा सैल केली, पेट्रोल थोडं जास्त जाऊ दिलं, प्लग पुन्हा काढला. आता तो विटकरी होता. "आता बरी हाय," म्हणाला. पुढे पाच दिवसांनी मला पुस्तकात हवेत पेट्रोल किती मिसळायचं याचं पान सापडलं, तेव्हा कळलं की आमचं दोघांचं एकाच गोष्टीबद्दल चाललं होतं.

मग त्याने सिलिंडर उतरवलं. ते ज्या बुडावर बसतं तिथे जाड गादीसारखा कागद होता. त्याचं म्हणणं असं की ही गादी जाड आहे, त्यामुळे पिस्टन वर गेला तरी डोक्याशी फट उरते आणि हवा नीट दाबली जात नाही. "पिचकारी अर्धीच दाबली तर पानी कुठवर जाईन?" गादी पातळ केली की सिलिंडर खाली बसेल आणि दाब वाढेल. त्यासाठी पातळ पण चिवट कागद हवा होता. तो रोज शाळेत यायचा आणि कागद चावून पाहायचा. हजेरीचा कागद चावला, वहीचा पुठ्ठा चावला, माझ्या शब्दकोशाचं वेष्टण चावलं. शेवटी त्याची नजर भिंतीवरच्या मध्यप्रदेशच्या जुन्या नकाशावर गेली.

"मास्तर, आता आपन याच्यात हाव का?"

"नाही. आपण आता मुंबई राज्यात."

"मंग हा कायले टांगला?"

हेडमास्तरांना विचारलं तर ते म्हणाले की वरून लेखी आदेश आल्याशिवाय नकाशा उतरवता येणार नाही, पण खालचा समुद्राचा भाग, जिथे शहरं नाहीत, तो कापला तर हरकत नाही. मध्यप्रदेशाला समुद्र नव्हता, आमच्या नकाशात मात्र छापणाऱ्याने कडेला निळी पट्टी दिली होती. त्या निळ्या पट्टीची गादी सिलिंडरखाली बसली.

फट किती ठेवायची, याचं माप पुस्तकात इंचाच्या हजाराव्या भागांत दिलं होतं. इंचाचे हजार भाग कसे करायचे, हे ना मला माहीत, ना त्याला. त्याने सरस्वतीबाईकडून कणकेची गोळी मागून घेतली, पिस्टनच्या डोक्यावर ठेवली, सिलिंडर बसवलं, चाक हाताने एकदा फिरवलं आणि सगळं परत उतरवलं. दबलेली कणीक त्याने अलगद उचलून बायकोच्या हातावर ठेवली. "पाह्य बरं."

तिने बोटांत धरून पाहिली. "पापडाएवढी हाय."

"उडदाच्या का मुगाच्या?"

"मुगाच्या. जराशी जाडच."

"मंग बरं हाय," तो म्हणाला आणि सिलिंडर कायमचं बसवून टाकलं. मी पुस्तक मिटलं. एवढ्या मोठ्या विलायती कंपनीने ज्यासाठी तीन पानं खर्च केली होती, ते एका बाईने दोन बोटांत सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं, कारण त्या दिवशी दोरी ओढताना मला प्रथमच दोन्ही हात लावावे लागले.

सोनाराकडून बारीक कानस आणून त्याने आत हवा-पेट्रोल जायच्या वाटा घासून गुळगुळीत केल्या. मळ्यातल्या पाटात खडा असला की पाणी अडखळतं, तसंच हे, असं त्याचं म्हणणं. आणि पेट्रोलमध्ये जे तेल मिसळावं लागतं त्याऐवजी एरंडेल घातलं. "गाडीच्या आसाले शंभर वर्षं आमी एरंडेल घालून राह्यलो. आस कधी जळला का?" पुस्तकात दुसरंच तेल लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. त्याने ऐकलं, मान डावीकडे वळवली आणि एरंडेल घातलं. इंजिन इतकं मऊ चालायला लागलं की शेठही उठून पाहायला आले. धुराला गाडीच्या आसासारखा गोडसर जळका वास यायचा. तांड्यावरची म्हातारी माणसं तो वास घेत टालीशी उभी राहायची.

एवढं सगळं होऊनही यंत्र उभं कापत नव्हतं. जोर होता, पण पातं ओंडक्यात वीतभर गेलं की अडायचं, लाकूड जळायचं, बारीक धूळ उडायची. दौलतला वाटे, जोर अजून कमी पडतोय. तो पुन्हा परात मांडायचा. होळी आठ दिवसांवर आली तेव्हा तो जेवायचा बंद झाला. "मशीन रुसत नाई, मास्तर," तो म्हणायचा. "मानूस रुसते. मशीनले फक्त कुठंतरी दुखते. मले सापडून नाई राह्यलं." माझाही जीव तुटत होता, पण मी काय करणार? मी पुस्तक पहिल्यापासून परत वाचायला घेतलं. शेवटचं पान जाहिरातीसारखं दिसत होतं, ते तेव्हाही सोडून दिलं.

होळीच्या चार दिवस आधीची दुपार. दौलतने एका टोकाला हमाल उभा केला आणि ओंडक्यात पातं घातलं. पुन्हा तेच कण्हणं, तोच धूर. तेवढ्यात मागच्या अंगाने भिवा आला. कमरेला कानस, डोक्याला मुंडासं. तो कुणाकडे न पाहता खाली बसला, जमिनीवरची धूळ चिमटीत घेऊन चोळली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, त्याले सांगा, हे पीठ हाय. भुसा नाई."

दौलत तिथेच, दोन हात अंतरावर उभा होता. तो मला म्हणाला, "मास्तर, त्याले इचारा, मंग काय झालं?"

मी भिवाला विचारलं, "मग काय झालं?"

"दात आडव्या कापाचा हाय. सुरीवानी. उभ्या कापाले पटाशीवानी सरळ दात लागते. हे पोरासोराले ठाऊक असते. त्याले सांगा."

मी सांगितलं. इंग्रजीतून मराठीत आणणं सोपं होतं, हे मराठीतून मराठीत आणताना माझी जीभ अडखळू लागली. दौलतने साखळीच्या एका दातावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "त्याले सांगा, पोराले ठाऊक असन. खालच्याले कोनी कानस देल्ली होती का कधी?"

हे मात्र मी भिवाला सांगितलं नाही. गरजही नव्हती. त्याने ते ऐकलं होतं. बारा वर्षं आऱ्याखाली उभं राहूनही दौलतला दाताची जात माहीत नव्हती, म्हणून तो महिनोन्‌महिने इंजिनलाच जोर देत बसला होता. भिवा मांडी घालून बसला, साखळी मांडीवर घेतली आणि कानस काढली. एकेक दात करत दुपार कलली. मध्येच पिंपाशी गणपत डोळे धुवायला आला. भिवाने वर पाहिलं, त्याच्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा खाली मान घालून घासायला लागला. हा माणूस आपल्याच भाकरीवर कानस चालवतोय, हे त्याला कळत होतं की नव्हतं? मी विचारलं, "भिवाभाऊ, का करता हे?" तो म्हणाला, "चुकीचा दात चालते त्याचा आवाज मले सहन होत नाई, मास्तर. दोन महिने झाले, मी झोपलो नाई." आणि त्याने पुढचा दात धरला.

साखळी चढवली. हमाल मूठ धरायला पुढे झाला, त्याला बाजूला सारून भिवानेच ते टोक धरलं. दौलतने दोरी ओढली. भुंगा गरजला आणि या वेळी पातं लाकडात असं उतरलं की मी दोन पावलं मागे सरलो. पिठाऐवजी लांब लांब तुकडे उडायला लागले. इंजिन कुठेही कण्हलं नाही. साखळी पुढे सरकत भिवाच्या पायाकडे येत होती आणि तो मात्र लाकडाच्या रेघेकडेच पाहत होता.

"दादा, पाय मांगं घे," दौलत ओरडला.

भिवाने पाय मागे घेतला. सहा वर्षांत तो पहिला शब्द होता, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही. फळी सुटून बाजूला पडली. भिवाने तिच्यावरून तळवा फिरवला आणि माझ्याकडे न पाहता, सरळ दौलतला म्हणाला, "जोर चांगला बनवला." मला भर उन्हात रडू आलं. धुराने, असं मी हमालाला सांगितलं.

होळीपासून पावसाळ्यापर्यंत भुंग्याने फळ्या पाडल्या. एक टोक दौलतकडे, दुसरं गणपतकडे. दोघंही जमिनीवर, वर कुणी नाही, खाली कुणी नाही. भिवा साखळीला धार लावायचा आणि टालीची देखरेख करायचा. शेठने त्याला काढलं नाही. खड्डा अर्धा भुशाने भरला. गणपतच्या डोळ्यांची लाली हळूहळू गेली आणि सरस्वतीबाई त्याची दृष्ट काढायला लागली.

पावसाळ्यात काम थांबलं. गाडी पावसाळ्यात ठेवून देताना आस एरंडेलाने भरून ठेवतात, म्हणजे गंज चढत नाही. दौलतने तेच केलं. सिलिंडरमध्ये छटाकभर एरंडेल ओतलं, यंत्र पोत्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. खंडे नवमीला ते खाली काढलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातले, भिवाची कानसही शेजारी मांडली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोरी ओढली तर चाक हललं नाही. चार महिन्यांत एरंडेलाचा आत डिंक झाला होता. गरम पाणी झालं, रॉकेल झालं. शेवटी लाकडी ठोकळा ठेवून पिस्टन ठोकताना त्याची कड फुटली. तसा पिस्टन अकोल्यातही मिळेना.

त्या संध्याकाळी मी पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं. ती जाहिरात नव्हती. यंत्र बराच काळ ठेवून द्यायचं असेल तर काय करावं, हे त्यात लिहिलं होतं, आणि झाडाबियांचं तेल आत राहू देऊ नये, असं ठळक अक्षरांत होतं. मी पुस्तक घेऊन दौलतकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. परात त्याच्यासमोर होती, भाग गोल मांडलेले, मध्ये फुटका पिस्टन.

"तुमी वाचलं असतं तरी मी ऐकलं नसतं," तो म्हणाला. "पुस्तकाचं मी कवा ऐकलं?"

मग त्याने परात रिकामी केली, राखेने घासली आणि बायकोला नेऊन दिली. एवढ्या दिवसांत हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेठने भुंगा लोखंडाच्या भावात विकला. त्याच महिन्यात माझी बदली केनवडला झाली. दौलतने गणपतला वाशीमला त्याच्या जुन्या इंजिनघरात लावून दिलं, हे मला निघता निघता कळलं. पण टालीचं काय, फळ्यांचं काय, हे विचारायचं धैर्य झालं नाही. मला वाटलं, दौलत पुन्हा खाली उतरला असणार. दुसरं काय होणार होतं?

सर्व्हिस मोटार टालीशी हमखास थांबायची, ड्रायव्हर तिथे पाणी घ्यायचा. मी गाव सोडलं त्या दिवशीही ती थांबली, तसा मी उतरलो आणि मागच्या अंगाला गेलो. खड्डा उपसलेला होता. आरा चालू होता. आणि ओंडक्यावर उभा होता दौलत, मान डावीकडे न वळवता सरळ रेघेकडे पाहत. त्याच्या कमरेला कानस होती.

मी गोंधळून उभा राहिलो. "मिस्त्री, तुम्ही वर? एका डोळ्याने सूत दिसतं का?"

"सूत पाहाले सारेच एक डोया मिटतात, मास्तर," तो म्हणाला. "माहा तर मिटेलच हाय."

मी वाकून खड्ड्यात पाहिलं. मुंडाशाचं टोक तोंडावर बांधून भिवा उभा होता. पांढऱ्या मिश्या भुशाने पिवळ्या झाल्या होत्या, पापण्यांवरही भुसा होता. मी एवढंच म्हटलं, "भिवाभाऊ, या वयात? डोळ्यांना जपा."

त्याने खालूनच मूठ ओढली आणि म्हणाला, "खालच्याले डोये कायले लागतात?"

वरून दौलतने आरा थांबवला. खांद्यावरचा गमछा काढून खाली टाकला आणि भिवाने तो डोळ्यांना लावून तोंड पुसेपर्यंत थांबून राहिला. मोटारीचा भोंगा वाजला. मी जाऊन बसलो, आणि मोटार सुरू होण्याआधी आरा पुन्हा चालू झाल्याचं मला ऐकू आलं.